बंद खिडकीची खोली

कॅम्पच्या पहिल्या दिवशी आम्हाला प्रत्येकीला एक छापील फॉर्म दिला होता. नाव, राज्य, वजन, उंची, आधीच्या दुखापती. शेवटून तिसरा प्रश्न असा होता : गेल्या महिन्याभरात ताप, किंवा दोन आठवड्यांहून जास्त खोकला होता का? मला तेव्हा पाच आठवड्यांपासून खोकला होता. मी "नाही"वर खूण केली आणि फॉर्म परत दिला.

माझा आजार सांगायचा तर तिथूनच सांगावा लागेल. माझी औषधं संपून आता दोन महिने झाले. उपचार केंद्रातल्या ताई म्हणाल्या होत्या की तू कॉलेजात शिकतेस, तुझ्या शब्दांत लिहून दे, इथे येणाऱ्या मुली वाचतील. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहायचं काही निघालं की ते माझ्याकडेच येतं. नीट जमेल की नाही माहीत नाही. झालं तसं लिहिते.

गुळाचा खडा

आमचं घर जळगावला पिंप्राळ्यात आहे. मूळ गाव धुळ्याकडचं, म्हणून घरात अहिराणी बोलतात. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते डाळ मिलमध्ये चाळणीवर कामाला आहेत. संध्याकाळी घरी येतात तेव्हा भुवयांवर पिवळी पूड बसलेली असते. ते खोकतात. त्यांच्याबरोबरचे सगळेच खोकतात. मिलमधून सुटताना प्रत्येक जण गुळाचा एक खडा तोंडात टाकतो, त्याने घशातली धूळ उतरते असं तिथे मानतात. आबांच्या खिशात गुळाची पुडी कायम असते.

हे सांगायचं कारण असं की आमच्या घरात खोकला हा आजार नव्हताच. आबांच्या चपला दाराशी वाजायच्या तसा त्यांचा खोकला वाजायचा. त्यामुळे डिसेंबरात मला खोकला सुरू झाला तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. आईने गूळ दिला. मी धुळ्याला आत्याकडे राहून कॉलेज करते, तिनेही गूळ दिला.

मी फुटबॉल खेळते, डाव्या बाजूने पुढे. कॉलेजच्या संघातून राज्याच्या संघात आणि तिथून वीस वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या कॅम्पला माझी निवड झाली होती. परदेशात मुलींच्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा होती, तिच्यासाठी संघ निवडायचा होता. पुढच्या स्पर्धेला मी वयात बसणार नव्हते. निघताना आबांनी गुळाची नवी पुडी माझ्या बॅगेत टाकली.

खोली

कॅम्प डोंगराळ भागात होता आणि जानेवारी होता. खोलीत दोन पलंग, मधे एक खिडकी. माझी जोडीदार बिनीता झारखंडची, डावीकडची बचावपटू. मैदानात ती माझ्या मागे खेळायची. मी पुढे गेले की माझी मागची जागा ती भरायची.

बिनीताला खिडकी उघडी लागायची. बंद खोलीत जीव गुदमरतो म्हणायची. मी जळगावची. मे महिन्यात आमच्या नळाला गरम पाणी येतं. असली थंडी मी कधी पाहिली नव्हती. पहिल्याच दिवशी मी तिला खिडकी लावायची विनंती केली. तिने तोंड वाकडं केलं, म्हणाली, "महाराष्ट्रवाली, तू तो यहाँ बर्फ बन जाएगी," आणि खिडकी लावली. बदल्यात मी तिला गूळ दिला. मग तो रोजचाच सौदा झाला. खिडकी अकरा दिवस बंद राहिली.

कॅम्पच्या डॉक्टर मॅडमनी एक तास औषधांबद्दल सांगितलं होतं. त्यांना न विचारता साधी खोकल्याची बाटलीसुद्धा घ्यायची नाही, उत्तेजक चाचणीत अडकायला होतं, आणि काही होत असेल तर लगेच सांगायचं. मी त्यातलं अर्धंच घेतलं. आईने दिलेला अडुळशाचा काढा बेसिनमध्ये ओतून टाकला आणि सांगायचं मात्र राहू दिलं. खोकला आला की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची. संध्याकाळी अंग तापायचं. एकदा बिनीताने कपाळाला हात लावला आणि म्हणाली की डॉक्टरला सांग. मी दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, सांगितलं.

कॅम्प संपला तेव्हा पुढच्या यादीत आम्हा दोघींची नावं होती. आठवड्याची सुट्टी होती. सोमवारी परत जायचं होतं.

निदान

सुट्टीत धुळ्याला कॉलेजच्या मैदानावर सरावाला गेले. दुसऱ्या फेरीला मी खाली बसले. उजवीकडून श्वास आत जातच नव्हता. संघाच्या सरांनी आत्याला फोन केला आणि मला स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं.

एक्स-रे झाला. थुंकी तपासायला दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी मला समोर बसवलं. आत्या केसपेपरवर शिक्का मारून घ्यायला गेली होती, सर बाहेर बाकावर होते. मॅडम सरळ म्हणाल्या, "फुफ्फुसाचा टीबी आहे. एका बाजूला पाणीही झालंय. सहा महिने औषध घ्यायचं, बरा होतो."

मी त्यांना सांगितलं की सोमवारी कॅम्प आहे. त्या एका कागदावर नावं लिहायला लागल्या. घरात कोण कोण, आत्याकडे कोण कोण. ही सगळी माणसं तपासावी लागतील म्हणाल्या.

"कॅम्पला खोलीत कोण होतं?"

"एकटीच होते."

"खिडकी होती?"

"हो."

"उघडी असायची?"

"हो."

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हे बिनीतासाठी केलं. तिला कळवलं तर तिलाही कॅम्पमधून काढतील, तिचं कशाला नुकसान. पण खरं कारण दुसरं होतं. कळवलं असतं तर मी फॉर्मवर खोटं लिहिलं हे सगळ्यांना कळलं असतं, आणि मला पुन्हा कोणी बोलावलं नसतं.

बाहेर सर म्हणाले की कॅम्पला कळवायला हवं. मी म्हटलं, मीच कळवते सर. त्यांनी विश्वास ठेवला. मी मॅनेजरना फोन करून न्यूमोनिया झाला म्हणून सांगितलं. हा शब्द आईचा. तिला आत्याने फोनवर खरं सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग म्हणाली की कॉलनीत न्यूमोनियाच सांगू या.

वॉर्ड

मी नऊ दिवस वॉर्डात होते. पहिला नियम सिस्टरनी दारातच सांगितला, इथे खिडक्या लावायच्या नाहीत. कितीही गार वाटलं तरी. माझा पलंग नेमका खिडकीखाली होता. मी ब्लँकेट डोक्यावरून घेऊन पडून राहायची आणि ती दुसरी खिडकी आठवायची.

सकाळी सहाला झाडू, मग थर्मामीटर, मग उपाशी पोटी तीन मोठ्या गोळ्या. गोळ्या सिस्टरसमोर गिळायच्या. दुसऱ्या दिवशी लघवी नारिंगी झाली तेव्हा मला वाटलं की आतून काहीतरी फुटलं. शेजारच्या पलंगावर सायराखाला होत्या. त्या धुळ्यातच कपडे शिवायचं काम करतात आणि महिन्याभरापासून औषधावर होत्या. मी रडत बाहेर आले तेव्हा त्यांनी विचारलं आणि हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "बेटा, वो तो दवा का रंग है. मेरा भी वही. पूरे वॉर्ड की होली चल रही है." हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहिते आहे.

पाणी काढायच्या दिवशी मला उशीवर हात टेकवून पाठमोरं बसवलं. सुईपेक्षा हलायचं नाही याचीच भीती जास्त होती. बाटलीत जे आलं ते पातळ चहासारखं होतं. त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी मी पूर्ण श्वास घेतला. अजूनही मला तो श्वास आठवतो.

आत्याबद्दल दोन गोष्टी लिहायच्या आहेत, दोन्ही खऱ्या आहेत. तिने तिच्या घरी माझं ताट आणि पेला वेगळा काढला. डॉक्टरांनी सांगितलं की हे ताटातून होत नाही, हवेतून होतं. आत्याने मान डोलावली, आणि ताट वेगळंच ठेवलं. तिच्या मुलीचं लग्न जमत होतं. मला फार लागलं ते. दुसरी गोष्ट अशी की मला रोज दोन अंडी खायला सांगितली होती आणि आत्याच्या घरात अंडं शिजत नाही. ती रोज शेजारणीच्या घरी जाऊन उकडून आणायची. भाकरीच्या फडक्यात लपवून. नऊ दिवसांत एकदाही चुकली नाही.

आबा

आत्याकडचे सगळे तपासले, कोणाला काही नव्हतं. आईलाही नव्हतं. आबा तपासायला तयार नव्हते. आईने खूप सांगितलं. त्यांचं एकच, "माले काही व्हयेल नई शे, मिलनी धूय शे ती." मला काही झालेलं नाही, मिलची धूळ आहे ती. शेवटी तपासणीचा कागद आणल्याशिवाय पोरीला भेटायला येऊ नका असं आईने बजावलं, तेव्हा ते गेले.

पाचव्या दिवशी दुपारी ते मास्क लावून वॉर्डात आले आणि पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसले. आई दारातच थांबली. आबांच्या थुंकीत टीबी निघाला होता. डॉक्टरांच्या अंदाजाने वर्षभरापासून असावा. मला त्यांच्याकडूनच लागला असावा, असंही त्या म्हणाल्या होत्या.

आबांनी सवयीने खिशातून गुळाची पुडी काढली. थोडा वेळ हातात धरली आणि परत खिशात ठेवली.

"मन्हामुये तुले व्हयनं," ते म्हणाले. माझ्यामुळे तुला झालं. मग परत म्हणाले, "माले माहीत नव्हतं, बेटा."

"तुम्हाला कुठे माहीत होतं, आबा," मी म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणूनच म्हटलं होतं. मला त्यांचा राग आला नव्हता, खरंच नव्हता आला. पण ते गेल्यावर ते वाक्य माझ्याजवळच राहिलं. आबांना माहीत नव्हतं. निदान झाल्यापासून मला मात्र माहीत होतं. बिनीता परत कॅम्पला जाऊन दोन दिवस झाले होते, आता तिच्या खोलीत दुसरी कोणीतरी होती, आणि मी न्यूमोनिया सांगून पडून होते.

मी व्हरांड्यात जाऊन तिला फोन लावला.

ती खूश होती. न्यूमोनिया कसा आहे विचारलं, माझी जागा कोणाला दिली ते सांगायला लागली. मी तिला मधेच थांबवलं. न्यूमोनिया नाही, टीबी आहे, फॉर्मवर मी खोटं लिहिलं होतं, तू आजच्या आज डॉक्टर मॅडमना जाऊन सांग, असं सगळं एका दमात सांगितलं.

"मैंने बोला था ना, डॉक्टर को बोल."

"हाँ."

"तूने कहा, बोल दिया."

"हाँ."

तिने फोन ठेवला.

तासाभरात कॅम्पच्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, नुसते प्रश्न विचारत गेल्या. रोज किती तास एका खोलीत? खिडकी? "बंद," मी सांगितलं. "मीच बंद करायला लावली." मग मी आमच्या डॉक्टर मॅडमकडे गेले आणि त्यांनाही सांगितलं. त्यांनी तो पहिल्या दिवशीचा कागद काढला, जुन्या ओळींवर रेघ मारली, शेजारी नवीन लिहिलं. म्हणाल्या की त्या मुलीच्या रक्तात आज काही दिसणार नाही. जंतू शिरला असेल तर आठ आठवड्यांनी कळेल. सरांना मी संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस." पण पुढे महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

आठ आठवडे

घरी पिंप्राळ्याला आले. घराची एक खिडकी आई आता दिवसभर उघडी ठेवायची. आबांना मिलमधून सुट्टी मिळाली होती. सकाळी आम्ही दोघं ओट्याशी समोरासमोर बसायचो. आई दोन ग्लास पाणी ठेवायची. आधी ते गिळायचे आणि तोंड उघडून मला दाखवायचे, मग मी. आबा शाळकरी पोरासारखी जीभ बाहेर काढायचे. आईला हसू यायचं. त्या दिवसांत घरात हसण्याची वेळ साधारण तीच होती. गुडघे दुखायचे, तोंडाला चव नसायची, आणि जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की थांबायला लागायचं. मैदानाचा मी विचार करत नव्हते.

विचार होता तो एकाच गोष्टीचा. कॅम्पमधल्या सगळ्यांची पहिली तपासणी झाली, कोणाला काही निघालं नाही. बिनीताचीही पहिली तपासणी साफ होती. पण तिची दुसरी तपासणी मार्चमध्ये होती, आणि शेवटची यादी त्याच आठवड्यात लागणार होती. मी दर रविवारी तिला मेसेज करायची. ती वाचायची. उत्तर यायचं नाही. तिच्याबद्दल जे कळायचं ते कॅम्पच्या फिजिओ दीदींकडून.

तिच्या वडिलांना मी कधी पाहिलं नाही. पण तिने सांगितलं होतं की गावात तिचे सामने दिसावेत म्हणून ते शेजारच्या दुकानात टीव्ही लावून घेणार होते. मला सारखे ते डोळ्यांसमोर यायचे.

मार्चमध्ये दीदींचा फोन आला. बिनीताची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली होती. दीदी म्हणाल्या, पूर्ण ऐकून घे. एक्स-रे साफ आहे, खोकला नाही, ताप नाही. जंतू आत झोपून आहे, आजार झालेला नाही. आठवड्यातून एकदा गोळ्या, बारा आठवडे, म्हणजे पुढे होणार नाही. तिच्यापासून कोणाला धोका नाही, ती खेळू शकते. पण गोळ्या अंगाला कशा मानवतात हे पाहूनच प्रशिक्षक ठरवणार होते. पहिल्या डोसाला ती दिवसभर उलट्या करत होती आणि तिचा एक सराव सामना गेला. दीदींनी आणखी एक सांगितलं. वेळेवर कळलं म्हणून हे एवढ्यावर निभावलं, नाहीतर कधी उठला असता कोण जाणे.

मला त्याने फार बरं वाटलं असं नाही. तो सराव सामना माझ्यामुळे गेला होता.

चार दिवसांनी यादी लागली. मी मोबाईलवर तीनदा वाचली. माझ्या जागेवर दुसऱ्या मुलीचं नाव होतं. बिनीताचं नाव होतं.

सामना

मी आता बरी आहे. आबाही बरे आहेत. ते परत मिलमध्ये जातात, तोंडाला कपडा बांधून. गूळ सुटलेला नाही. मी कॉलेजच्या संघात अर्धा सामना खेळते, पुढच्या महिन्यात पूर्ण खेळेन असं सर म्हणतात. राष्ट्रीय संघाचं वय गेलं. हे वाचणारीला मला एवढंच सांगायचं आहे की फॉर्मवरचा तो प्रश्न एकट्या तुझ्यासाठी नसतो. तुझ्या शेजारच्या पलंगासाठीही असतो. मला हे उशिरा कळलं.

सामन्याचं सांगून थांबते. तेव्हा माझी औषधं अजून चालू होती.

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी बिनीताचा मेसेज आला. फोनवर बोलल्यानंतर पहिल्यांदाच. एक फोटो होता. परदेशातल्या हॉटेलची खोली, दोन पलंग, मधे मोठी काच, भिंतीत पक्की बसवलेली. खाली लिहिलं होतं, "इधर खिड़की खुलती ही नहीं. हैंडल ही नहीं लगाया इन लोगों ने." थोड्या वेळाने दुसरा आला, "आज गोली का दिन था. खा ली. तूने?"

मी लिहिलं, "खा ली."

सामना दुपारी होता. आबा आणि मी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून बघत बसलो. आपला संघ एका गोलने मागे होता. दुसऱ्या अर्ध्यात बिनीता मैदानात उतरली. पुढची नवी मुलगी चेंडू घेऊन गेली की मागची रिकामी जागा ती धावत जाऊन भरत होती, नेहमीसारखी. प्रत्येक धावेनंतर ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची तेव्हा मी तिच्या छातीकडे बघायची. श्वास सरळ चालला होता. सामना आपण हरलो, दोन गोलने.

आबांना फुटबॉल कळत नाही. ते मधेच म्हणाले, "ती कोन शे?"

"तीच. माझ्या खोलीतली."

ते मोबाईलकडे सरकले. बराच वेळ बघत राहिले.

"चांगली पयस ना," ते म्हणाले. चांगली पळते. मग विचारलं, "गोयी लिधी का तिनी?"

"घेतली. काल."

"मंग बरं शे," आबा म्हणाले, आणि उठून त्यांनी घराची दुसरी खिडकीही उघडली.